गाडीच्या मागून ठकठक येतेय? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

माझ्या गाडीत मागून ठकठक यायला लागली तेव्हा मी सरळ गॅरेज गाठलं. तिथे एक चक्कर मारून झाली, शॉकप (खड्ड्यांचे धक्के शोषणारे शॉक अब्सॉर्बर) गेलेत असं सांगितलं, दोन्ही मागचे शॉकप बदलले आणि परत येताना पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज, तसाच, तेवढाच. मग पुढचे दोन महिने बुश (सांध्यांतली रबरं) बघून झाले, स्प्रिंग बघून झाली, प्रत्येकजण वेगळं काहीतरी सांगायचा. शेवटी आवाज सापडला तो मागच्या सीटच्या लॉकमध्ये. सीटची पाठ बॉडीवरच्या ज्या लोखंडी कडीला अडकते ना, त्या कडीवरचं प्लॅस्टिकचं आवरण झिजून गेलं होतं आणि लोखंडावर लोखंड आपटत होतं. कडीला कापडी टेपचे दोन-तीन वेढे दिले, आवाज बंद.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्यासारखी चूक नव्या माणसाकडून फार पटकन होते, कारण आपण आवाज "कुठून" येतोय याच्या मागे लागतो, आणि कान नेमके इथेच फसवतात. गाडीची बॉडी म्हणजे एकमेकाला वेल्ड केलेला पत्रा, आवाज पत्र्यातून पुढेमागे पळतो, आणि डिक्कीची पोकळी त्याला ढोलासारखी घुमवते. डाव्या चाकाचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे पहिला प्रश्न "कुठून" नाही, "कधी". कधी येतो ते नीट पकडलंत की अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते, तीही एक नट न खोलता.

हाताशी काय पाहिजे

वही किंवा मोबाईलमधली नोट, आवाज रेकॉर्ड करायला दुसरा मोबाईल असेल तर उत्तम. चांगला टॉर्च, जाड हातमोजे, मोजपट्टी, दोन-तीन जुने टॉवेल, कापडी टेप. चाकाचे नट खोलायचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) मिळाला तर फार बरं. गाडी उचलणार असाल तर जॅक, दोन जॅक स्टँड आणि चाकाला लावायच्या पाचरी, यात तडजोड नाही. कागदपत्रांत दोनच गोष्टी, गाडीचं मॅन्युअल आणि मागच्या सर्व्हिसची बिलं. बिलं कशाला ते पुढे येईलच.

१. आधी गाडी रिकामी करा, पण खरोखर रिकामी

डिक्कीतलं सामान काढलं म्हणजे गाडी रिकामी झाली असं नाही. डिक्कीचा मॅट उचला. स्टेपनी, जॅक, पाना, टॉमी, धोक्याचा त्रिकोण, सगळं बाहेर काढा. स्टेपनीचा मधला स्क्रू पंक्चरनंतर घाईत अर्धवट आवळलेला असतो आणि मग चाक आपल्या खाचेत उड्या मारतं, तो आवाज बाहेरून ऐकला तर अगदी सस्पेन्शनसारखा (म्हणजे चाकं आणि बॉडीमधल्या स्प्रिंग, शॉकप, बुश या यंत्रणेसारखा). काही गाड्यांची स्टेपनी खालून लटकवलेली असते, तिला धरून जोरात हलवून बघा. डिक्कीच्या बाजूच्या कप्प्यांत हात घालून चाचपा, दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या काढा, मागच्या सीटखाली काही घरंगळलंय का बघा.

आता त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने चक्कर मारा. आवाज गेला तर एकेक वस्तू परत ठेवत जा, चोर सापडतोच. गेला नाही तरी सामान बाहेरच राहू द्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या रिकाम्या गाडीवरच करायच्या आहेत. (स्टेपनीशिवाय लांब जाऊ नका, एवढं मात्र सांभाळा.)

२. आवाजाला नाव द्या आणि तो कधी येतो ते लिहा

आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की ते नुसते नीट वापरले तरी अर्धं निदान होतं. "आवाज येतो" एवढं सांगू नका. खुळखुळ म्हणजे काहीतरी हलकं आणि सुटं. खडखड म्हणजे पातळ पत्रा. टक् असा एकच कोरडा आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड, मधलं रबर संपलेलं. धप् असा जड, दबका आवाज म्हणजे वजनदार काहीतरी किंवा फाटलेला मोठा बुश. कुईकुई म्हणजे कोरडं रबर, आणि घूंऽ असा वेगाबरोबर वाढणारा आवाज म्हणजे बहुतेक व्हील बेअरिंग, ती ठकठक नाहीच.

मग खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, अंदाजाने नाही तर मुद्दाम चालवून बघून:

लहान लहान खड्ड्यांवर जास्त येतो की मोठ्या गतिरोधकावर? दोन्ही चाकं एकदम चढली की येतो, की एकच चाक खड्ड्यात गेलं की? सरळ गुळगुळीत रस्त्यावर येतो का? वळताना? ब्रेक मारताना, की ब्रेक सोडताना? गियर टाकताना किंवा रिव्हर्सला घेताना? मागे माणसं बसली की कमी होतो का वाढतो? गाडी थंड असताना आणि तापल्यावर फरक आहे का? टाकीत इंधन किती होतं?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल पण मुद्दाम घातलाय. टाकी भरपूर भरलेली असते तेव्हा ब्रेक मारून थांबताना आतलं इंधन पुढच्या भिंतीवर आपटतं आणि मागच्या सीटखालून धप् असा आवाज येतो, थांबल्यावर एकदा-दोनदा. इंधन कमी झालं की आपोआप बंद. टाकीच्या पट्ट्या घट्ट असतील तर हा बिघाड नाहीच. अशा आवाजासाठी लोक शॉकप बदलून मोकळे होतात.

आणि लहान खड्डे विरुद्ध मोठा गतिरोधक, हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. लहान लहान धक्क्यांवर, २०-३० च्या स्पीडला टकटक येते आणि मोठ्या गतिरोधकावर मात्र गाडी गप्प, असं असेल तर कुठेतरी थोडीशी ढिलाई आहे, एखाद्या बुशमध्ये, लिंकमध्ये नाहीतर लॉकमध्ये. मोठ्या धक्क्यात तो भाग एका बाजूला दाबलेलाच राहतो, त्याला मागेपुढे आपटायला वेळ मिळत नाही. उलट फक्त मोठ्या धक्क्यावरच धाडकन येत असेल तर सस्पेन्शन शेवटपर्यंत दबतंय, म्हणजे शॉकप कमजोर आहे, स्प्रिंग बसलीये, किंवा शेवटचा धक्का झेलणारं रबर तुटून गेलंय.

३. मोबाईल मागे ठेवून रेकॉर्ड करा

एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, चार चकरा. मोबाईल आधी डिक्कीत डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या, मग मागच्या सीटवर, मग सीटच्या पाठीला चिकटवून. टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा म्हणजे मोबाईलच आपटणार नाही. नंतर हेडफोन लावून ऐका, गाडी चालवताना जे कळत नाही ते इथे कळतं. कोणाला डिक्कीत झोपवून आवाज ऐकायला लावायचा प्रकार कृपा करून करू नका, पट्ट्याशिवाय तिथे माणूस जिवाला मुकू शकतो. सोबतीला कोणी असेल तर मागच्या सीटवर पट्टा लावून बसवा, तेवढं पुरतं.

४. आतले संशयित

इथे माझे दोन महिने गेले म्हणून थांबून सांगतो. मागच्या सीटची पाठ आडवी पाडा आणि चक्कर मारा. आवाज गेला तर लॉक आणि कडी बघा. जात नसेल तर पाठ परत उभी करून मागे कोणाला तरी नीट टेकून बसवा, वजनाने लॉक घट्ट होतं आणि आवाज बदलतो. सीटबेल्टची बकल प्लॅस्टिकवर आपटते, डोक्याच्या उशा आपल्या दांड्यांवर हलतात, डिक्कीवरचा झाकणासारखा ट्रे आपल्या खाचेत खडखडतो, हे सगळं एकेक करून काढता येतं.

डिक्कीचं दार स्वतः फार मोठा संशयित आहे. दोन्ही कोपऱ्यांत रबरी टेकू असतात, पुष्कळ गाड्यांत ते फिरवून उंची वाढवता येते. दार बंद करून तळहाताने वरखाली दाबा, हललं तर टेकू थोडे बाहेर काढा किंवा कुलूप ज्या कडीत अडकतं ती किंचित सरकवा. तात्पुरती खात्री करायची तर कडीला टेपचे वेढे देऊन बघा. नंबर प्लेट बोटाने वाजवून बघा, तीही वाजते.

५. आवाज चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आहे का

साध्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या वेगात चाक सेकंदाला एक फेरा मारतं, आणि ३६ ला सेकंदाला पाच. रिकाम्या जागी अगदी हळू चालवा आणि काच उघडी ठेवून मोजा. आवाज खड्ड्यांशी नाही तर या फेऱ्याशी जुळत असेल, वेग वाढला की लगबग वाढत असेल, तर सस्पेन्शन सोडा आणि चाक बघा. खाचेत अडकलेला दगड टिकटिक करतो, ते सोपं. पण टायरला फुगवटा आला असेल किंवा आतले थर सुटले असतील तर धप धप असा आवाज येतो आणि तो टायर कधीही फुटू शकतो.

आणि चाकाचे नट. नुकतंच पंक्चर काढलंय, टायर फिरवून बसवलेत, आणि त्यानंतर आवाज सुरू झालाय तर बाकी काहीही करायच्या आधी नट तपासा, तिथल्या तिथे, पुढे एक किलोमीटरही न जाता.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर आणखी एक शक्यता. प्रॉपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून मागच्या एक्सेलपर्यंत जाणारा फिरता दांडा) चाकापेक्षा साधारण तीन-चार पट जोरात फिरतो, त्यामुळे त्याच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या सांध्याचा, आवाज चाकाच्या फेऱ्यापेक्षा भराभर येतो. शिवाय गियर टाकताना, ॲक्सिलेटर सोडून परत दाबताना खट् असा एकच आवाज येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा शाफ्टच नसतो, तेव्हा कोणी तसं सांगितलं तर सरळ परत या.

६. ब्रेक आणि सायलेन्सर, दोन छोट्या टेस्ट

मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, आवाज येत असताना ब्रेकला नुसता पाय टेकवा. वेग कमी व्हायच्या आधीच आवाज बंद झाला तर पॅड, पॅडच्या क्लिपा किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना ढिल्या आहेत. मागे ड्रम ब्रेक असतील तर आतल्या लायनरची स्प्रिंग निसटली की असाच आवाज येतो, त्यासाठी ड्रम उघडावाच लागतो. हँडब्रेकची केबल खाली क्लिपमधून सुटून मागच्या एक्सेलवर आपटते, हेही बघून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

सायलेन्सर गाडी पूर्ण थंड असतानाच बघायचा, हातमोजे घालून. शेपटी धरून वरखाली, डावीउजवी हलवा. तो रबरांवर लटकलेला असतो, म्हणजे थोडा हलणारच, पण हलताना कुठे टेकता कामा नये. एखादं रबर तुटलेलं असेल तर तिथेच दिसतं. पाइपवरचा उष्णता अडवणारा पातळ पत्रा गंजून सुटला की ठराविक आरपीएमला खडखडतो, गाडी उभी असतानाही. उभ्या गाडीत येणारा आवाज सस्पेन्शनचा नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप.

७. गाडीखाली जायच्या आधी

मागची बाजू उचलताना एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे ती चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून सपाट, कडक जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी, गाडी गियरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचा. उचलल्यावर जॅक स्टँड, आणि स्टँडवर वजन आल्यावर गाडीला एकदा हाताने ढकलून बघायचं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका. स्टँड नसतील तर ही पायरी सोडून द्या आणि रॅम्प असलेल्या गॅरेजला जा, यात कमीपणा काही नाही.

८. खाली काय बघायचं

गाडी जमिनीवर असतानाच सुरुवात करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. सपाट जागी, रिकाम्या गाडीत एका बाजूला बोटभर कमी भरलं तर स्प्रिंग बघा. स्प्रिंग मोडते ती बहुतेक वेळा अगदी शेवटच्या वेढ्यात, जिथे ती बैठकीत लपलेली असते, त्यामुळे नुसतं वाकून बघितलं तर धडधाकट दिसते. टॉर्च घेऊन दोन्ही टोकं शोधा, डाव्या आणि उजव्या टोकाचा आकार ताडून बघा.

शॉकप. कोपरा दाबून सोडला आणि गाडी दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉकप थकलाय. पण झुलली नाही म्हणजे शॉकप निर्दोष असं नाही, कारण ठकठक करतो तो बरेचदा शॉकप नसून त्याचा वरचा किंवा खालचा बुश. खालचा बोल्ट नुसत्या डोळ्यांनी नाही, पाना लावून बघा. वरच्या माउंटवर, म्हणजे शॉकप बॉडीला जोडतो त्या जागेवर (पुष्कळ गाड्यांत ती डिक्कीच्या आत कव्हरखाली असते), हात ठेवा आणि कोणाला तरी गाडी बाहेरून हलवायला सांगा, ढिलाई असली तर बोटांना टक् लागतो. शॉकपवर हलकासा तेलकट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.

इथेच त्या बिलांचं काम आहे. शॉकप नुकतेच बदललेत आणि आवाज त्यानंतर सुरू झालाय तर वरचे वॉशर आणि रबर उलटसुलट लागलेत का, नट पूर्ण आवळलाय का, हे आधी. कामानंतर लगेच सुरू झालेला आवाज बहुतेक त्या कामातच असतो.

बुश. मागचा एक्सेल किंवा ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारा लांब दांडा) बॉडीला जिथे जोडतो तिथे मोठे रबरी बुश असतात. पहारीने हळूच रेटून बघा. रबर दाबलं जाणं ठीक, पण रबर मधल्या नळीपासून सुटलेलं दिसलं, आरपार फट दिसली, की तो गेला. ब्रेक मारताना आणि सोडताना धप् येतो तो बहुतेक याचाच. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी असेल तर शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या हलत्या जोडाचे, बुश आणि पाटा एक्सेलला बांधणारे यू-बोल्ट बघा.

स्टॅबिलायझर लिंक (वळताना गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या दांडीला चाकाकडच्या भागाशी जोडणारा छोटा दुवा) सगळ्या गाड्यांत मागे नसते, असेल तर एक बारकावा. एकच चाक उचललं तर दांडी ताणाखाली येते आणि लिंकची ढिलाई लपते. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही हवेत असतानाच लिंक धरून हलवा. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर टकटक, दोन्ही एकदम चढल्यावर शांत, असं तुमच्या वहीत असेल तर सगळ्यात आधी इथे या.

रबरावर तेल किंवा साधं ग्रीस मारून आवाज घालवायचा सल्ला मिळेल. नका मारू, तेलाने रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.

९. गाडी कधी चालवायचीच नाही

चाकाचे नट ढिले, टायरला फुगवटा, मोडलेली स्प्रिंग टायरजवळ आलेली, ब्रेकचं पेडल दाबताना नेहमीपेक्षा वेगळं लागणारं, किंवा मागची बाजू आपोआप इकडेतिकडे ओढल्यासारखी वाटणारी. यातलं एक जरी असलं तरी गाडी उभी करा आणि उचलून न्या.

१०. मेकॅनिककडे कसं बोलायचं

पार्टचं नाव घेऊ नका. "शॉकप बघा" म्हणालात की शॉकपच बघितला जातो आणि तोच बदलला जातो. वहीत लिहिलेलं सांगा: डावं चाक लहान खड्ड्यात गेलं की २५ च्या स्पीडला टक् असा एक आवाज, मागे माणूस बसला की कमी, ब्रेकने फरक नाही, डिक्की रिकामी करून बघितलीये. रेकॉर्डिंग ऐकवा. मग त्याला शेजारी बसवा आणि जिथे आवाज हमखास येतो त्या तुकड्यावरून स्वतः चालवत न्या, त्याला ऐकू आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. कुठला पार्ट गेलाय म्हणाला तर गाडी रॅम्पवर असताना ती ढिलाई हाताने हलवून दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो. चांगला मेकॅनिक या मागणीवर चिडत नाही, माझ्या अनुभवात तर त्याला असं गिऱ्हाईक आवडतं.

एकदम चार पार्ट बदलू नका, खरा दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. शॉकप आणि स्प्रिंग मात्र दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदलायच्या.

११. बुश बदलून घेताना ही एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या

बुशचा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळला तर रबर त्याच लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हलका लावायचा, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि मग शेवटचा टॉर्क द्यायचा. नवा बुश थोड्याच दिवसांत परत वाजायला लागला अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांना मी पहिला हाच प्रश्न विचारतो.

काम झालं की चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क रेंचने बघा. ट्रेलिंग आर्म किंवा एक्सेलला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. आणि तोच रस्ता, तोच वेग, डिक्की रिकामी, मोबाईल त्याच कोपऱ्यात ठेवून एक शेवटची चक्कर मारा, जुनं रेकॉर्डिंग आणि नवं रेकॉर्डिंग एकामागोमाग ऐका, मगच स्टेपनी परत आत टाका, आणि तिचा तो मधला स्क्रू यावेळी पूर्ण आवळा.